डाव्या कानातली सरकी

दसरा झाला की आमच्या यवतमाळच्या रस्त्यांवर बाभळीला कापूस लागतो. बाभळीला कापूस लागत नसतो हे मलाही कळतं. कापसाच्या गाड्या भरभरून जातात आणि कडेच्या काट्यांना पुंजके अडकून राहतात, एवढंच. पण लहानपणी उमरखेडहून एसटीनं मामाकडे येताना मला खरोखर वाटायचं की हे बाभळीचंच पीक आहे, आणि मामानं ते भरल्या गाडीत सगळ्यांना सांगून माझी शोभा केली होती. परवा कळंबच्या रस्त्यानं येताना तसेच पुंजके दिसले. घरी आले, हातपाय धुतले आणि कपाटातून हेडफोन काढून मांडीवर घेऊन बसले. कापूस दिसला की मला हेडफोन आठवतो. ज्यांना ही माझी खोड माहीत नाही त्यांना मी चक्रम वाटते. वाटू दे.

हेडफोन काळा आहे, चांगला जड आहे, आणि आता वीसेक वर्षांचा झाला आहे. अख्खा कान झाकणाऱ्या दोन वाट्या, पाठीकडून पूर्ण बंद. वाट्यांवर लुगड्याच्या कापडाच्या गवसण्या आहेत. त्या एके काळी हिरव्या होत्या, हे आता माझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. गवसण्यांच्या आत कापूस. आणि डाव्या वाटीत, कानाच्या जरा वर, काहीतरी बारीकसं टोचतं. ती सरकी आहे, कापसाचं बी. साफ करताना नजरचुकीनं राहून गेली, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. जिल्ह्याचं नाव रोज वर्तमानपत्रात यायचं. का यायचं ते मी इथे सांगत बसत नाही. ज्यांनी वाचलं त्यांना आठवतं, ज्यांच्या घरात घडलं त्यांना विसरता येत नाही. मला त्या हंगामाचा रंग आठवतो. लाल्या रोग पडला की पराटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची, पानं तांबडी होतात, आणि उतरत्या उन्हात असं अख्खं शेत दुरून फार सुंदर दिसतं. मला ते सुंदर दिसायचं आणि लगेच स्वतःचा राग यायचा. खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग, गाडीखाली अंथरलेली पोती, सोडलेले बैल, आणि सगळ्यावर ओल्या कापसाचा तो कोंदट वास. तो वास आजही आला तर मी थांबते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि दत्त चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावर एका संस्थेच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायची. स्टुडिओ म्हणजे एक खोली. शेतकऱ्यांसाठी ध्वनिफिती बनवायच्या, त्या बाजाराच्या दिवशी गावोगाव वाजवायच्या, असं ते काम. लाल्या कसा ओळखावा, फवारताना तोंड कसं बांधावं, ओला कापूस का विकायला आणू नये. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावायचा फोम यवतमाळात कुठे मिळणार? आमचे प्रमुख मोहरील सर, त्यांनी पिंजाऱ्याला बोलावलं आणि चारी भिंतींना गाद्या ठोकून घेतल्या. "यंदा कापसाला गिऱ्हाईक नाही. निदान आपल्या भिंतींनी तरी थोडा घेतला," असं ते म्हणाले. कुणी हसलं नाही. त्यांनाही हसायचं नव्हतं.

एकच खोली असल्यामुळे बोलणारा माणूस आणि मी समोरासमोर. माझा जुना हेडफोन पाठीकडून उघडा होता. त्यातला आवाज बाहेर झिरपायचा, परत माइकमध्ये शिरायचा, आणि फितीवर प्रत्येक शब्दामागे त्याचं भूत ऐकू यायचं. म्हणून बंद पाठीचा हेडफोन हवा होता. नागपूरच्या दुकानदारानं पारखायला तीन प्रकार पंधरा दिवसांसाठी दिले. त्यांतला एक निवडायचा आणि तोच पाच तालुक्यांतल्या आमच्या ध्वनिमुद्रण गटांसाठी घ्यायचा. निवडून अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मोहरील सरांनी काही लपवून ठेवलं नाही. "तुमची मुदत दिवाळीला संपते. संस्थेचे नागपूरचे साहेब चाचणी बघायला स्वतः येणार आहेत. तुम्हाला आवाजातलं कळतं की तुम्ही नुसती बटणं दाबता, हे ते त्यावरून ठरवतील. पटलं तर मुदतवाढ. नाही तर उमरखेडची गाडी."

उमरखेडला बाबांनी माझ्यासाठी सगळं मांडून ठेवलं होतं. बाबा तहसील कचेरीत होते. त्यांना कामं वेळेत उरकायची सवय. बी.एड.चा अर्ज आणलेला, आणि त्यासोबत एक स्थळ. स्थळ वाईट नव्हतं हो. पण मला त्या गाद्यांच्या खोलीत बसून माणसांचे आवाज ऐकायचे होते. एवढं एकच मला आयुष्यात स्वतःहून हवंसं वाटलं होतं.

आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. भांडारपाल वानखडे नोंदवहीत वस्तू चढवत होते. मी पलीकडून सांगितलं, "बंद पाठीचे हेडफोन, तीन." वानखड्यांनी माझ्या बोलण्यातलं कामापुरतं घेतलं आणि लिहिलं, 'हेडफोन, बंद – तीन नग.' आता आपल्याकडे 'बंद' म्हणजे काय? बंद पंखा, बंद घड्याळ, बंद मोटार. वानखडे शिस्तीचा माणूस. त्यांनी तिन्ही खोकी मोडक्या सामानाच्या कपाटात नेऊन ठेवली. मी दहा दिवस रोज त्यांना विचारायची, "हेडफोन आले का हो भांडारातून?" आणि ते रोज सांगायचे, "चालू असलेला एकही नाही मॅडम, सगळे बंद आहेत." मी म्हणायची, "हो, बंदच हवेत मला." त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं असेल, ते आता आठवून हसू येतं. तेव्हा दहा दिवस पाण्यात गेले.

खोकी भंगारात जायची वाचली ती शांताबाईमुळे. शांताबाई आमच्याकडे झाडलोट करायची. आधी बावीस वर्षं ती जिनिंगमध्ये होती, रेच्यावर. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र; त्याच्यासमोर बसून हातानं कापूस घालत राहायचं. त्या हंगामात तिचं जिनिंग उघडलंच नाही, म्हणून ती आमच्याकडे आली होती. पन्नाशीची, काटक, नऊवारी लुगडं, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपली बाजू आधीच सोडून द्यावी. भंगारवाला आला तेव्हा कपाट रिकामं करता करता तिनं खोकं उघडलं, हेडफोन नाकाला लावून हुंगला, आणि तिन्ही खोकी उचलून सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"ताई, नवं कोरं हाय, वास बी गेला नाई त्याचा. अन् वानखडे म्हन्ते बंद पडलं. असं कसं बंद पडन?"

मी डोक्याला हात लावला. चाचणीला पाच दिवस उरले होते.

पुढचे दिवस मी त्या तीन हेडफोनांसोबत काढले. सोबतच्या कागदावर इंग्रजीत पुष्कळ आकडे होते. ते मला बातम्यांतल्या हवामानाइतकेच कळत होते. कान मात्र होते. पहिला हेडफोन घातला आणि मी प्रेमातच पडले. काय तो भारदस्त आवाज! माझाच आवाज त्यातून ऐकला तर वाटलं, या बाईला मुदतवाढ कशाला, हिला दिल्लीला न्या. मोहरील सरांनी ऐकला, त्यांनीही मान डोलावली. दुसऱ्यात सगळं लख्ख, टोकदार. बोलणाऱ्याचे ओठ सुटल्याचंही ऐकू यायचं. तिसरा अगदीच साधा. त्यात माणूस जसा बोलला तसा बोलायचा, आणि माझा आवाज माझ्याइतकाच किरकोळ लागायचा. मी अहवालात पहिल्याचं नाव जवळजवळ लिहूनही टाकलं.

शांताबाई फरशी पुसत होती. गंमत म्हणून तिला म्हटलं, "बसा, तुम्हाला तुमचं जिनिंग ऐकवते." कापसाच्या फितीसाठी मी वणीकडच्या एका चालू जिनिंगचा आवाज घेऊन आले होते. तिनं हात लुगड्याला पुसले, खुर्चीत बसायला नाही म्हणाली, खालीच बसली. मी पहिला हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. तिनं डोळे मिटले. जरा वेळानं म्हणाली, "हे खोटं हाय."

"खोटं कसं असेल? मीच घेतलाय आवाज."

"तुमी घेतला असन. पन हे सांगून राह्यलं त्याच्या मनचं. यात मशिनीचा पट्टाच धमधम करून राह्यला. रेचा कुठी गेला? बाया कुठी गेल्या? इतका पट्टा वाजला असता तं आमी बह्यऱ्या झालो असतो."

दुसरा लावला. तिनं लगेच काढून माझ्या हातात दिला. "कानात काटे घातल्यावानी होते. हा चुगलखोर हाय, एकाचं दहा करते."

तिसरा लावला. तिचा उजवा हात नकळत पुढे झाला आणि हवेत कापूस घालू लागला, मूठ सोडायची, परत भरायची, त्या आवाजाच्या लयीत. मी फीत बंद करायचं विसरले. मग ती म्हणाली, "या दुसऱ्या रेच्याचं पातं घासून राह्यलं. सरकी कटते त्याच्यात. कोनी सांगतलं नाई का त्याइले?"

ती फीत मी पन्नास वेळा तरी ऐकली असेल. मला जिनिंगचा आवाज म्हणजे एक सलग गोंगाट वाटायचा. मी हेडफोन घेतला आणि ती बोटानं दाखवत गेली, "आता ऐका... हे... हे पाहा." आणि त्या गोंगाटाच्या पोटात, घड्याळासारखी, एक बारीक कचकच मला ऐकू आली. पहिल्या हेडफोनात तीच जागा परत लावून बघितली. कचकच पट्ट्याखाली गाडली गेली होती. ज्या हेडफोनावर मी भाळले होते तो मला खूश करत होता, ऐकवत नव्हता. त्या दिवशी शांताबाईनं मला कान दिले, असं मी म्हणते तेव्हा लोकांना ते बोलायची पद्धत वाटते. मला ते अगदी शब्दशः म्हणायचं असतं. पुढे मी जे काही काम केलं ते त्या एका दुपारच्या जोरावर केलं.

पण तिसऱ्याचं एक दुखणं होतं. त्याच्या गाद्या कडक रेक्झिनच्या. आश्विनातलं आमच्याकडचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. वीस मिनिटांत कान शिजायचे. चष्म्याची काडी कानशिलात रुतायची आणि कुड्या काढून ठेवल्याशिवाय तो घालताच यायचा नाही. अहवालात सलग दोन तास वापराचा रकाना होता. मी घड्याळ लावून बसले आणि चाळीस मिनिटांत डोकं धरून उठले. मोहरील सर म्हणाले, "एवढा हट्ट कशाला? पहिला मऊ आहे, लिहून टाका पहिला." पटतही होतं. पाच तालुक्यांतली मुलं-मुली दिवसचे दिवस तो घालणार होती.

शांताबाईनं तिसरा हेडफोन उचलला, गाद्या अंगठ्यानं दाबून बघितल्या आणि नाक मुरडलं. "इतका कापूस पिकते आपल्याकडे अन् कानाले हे प्लाश्टिक लावता का?" दुसऱ्या दिवशी ती आपल्या जुन्या लुगड्याच्या दोन गवसण्या शिवून घेऊन आली. आत भरायचा कापूस तिच्या भावाच्या शेतातला होता. आमच्याकडे वेचणीला हात घालायच्या आधी बाया शेतात सीतादही करतात. पराटीची पूजा, दहीभाताचा शितोडा, आणि मग पहिला वेचा. भावाच्या शेतावर त्या वर्षी लाल्या पडलेला. ओटीत मावेल एवढाच पहिला वेचा निघाला होता, आणि त्यातली मूठ ती माझ्या कानांसाठी घेऊन आली होती. रेचा नाही, काही नाही. बोटांनी सरकी काढून, पिंजून. मी म्हटलं, "अहो, पूजेचा कापूस कशाला?" ती म्हणाली, "मंग काय झालं? ऐकाच्याच कामाले लागून राह्यला नं." दोन तास घालून बसले. कान गार. कुड्याही काढाव्या लागल्या नाहीत.

साहेब यायच्या आदल्या दिवशी सरांनी तालीम घ्यायची ठरवली. दोन बायका दोन माइकवर बोलणार. एक डाव्या अंगाची, एक उजव्या. हेडफोनात ज्या बाजूनं आवाज बारीक येईल त्या बाजूचं बटण वाढवायचं. सोपं काम. मी डावं बटण वाढवलं आणि मोठ्यानं बोलणारी बाई आणखी मोठ्यानं ओरडू लागली. मी गोंधळले, आणखी वाढवलं. सरांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून गवसणी वर केली. उजव्या वाटीचं अक्षर डाव्या कानावर होतं. गवसण्यांखाली अक्षरं झाकली गेली होती आणि मी तो उलटा घातला होता.

"उद्या साहेबांसमोर हे केलंत," सर म्हणाले, "तर मी तुमच्यासाठी काही बोलू शकणार नाही." ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत.

ते गेल्यावर शांताबाईनं विचारलं, "काय चुकलं, ताई?"

"डाव्याचं उजव्याला घातलं. ही वाटी डाव्या कानाची," मी बोटानं दाखवलं.

"हात्तीच्या. आमच्या भावाचा बैल डाव्या अंगालेच चालते. उजव्या अंगाले जुतला का गाडी नालीत." एवढं बोलून तिनं हेडफोन उचलला. "याची शिवन उसवली हाय. घरी नेतो, सकाळी आनतो." मी मान हलवली. माझं लक्ष उमरखेडच्या गाडीत होतं. तरी शहाणपण करून मी एका चिठ्ठीवर मोठ्ठं 'डा' लिहिलं आणि सकाळी हेडफोन आल्या आल्या वरच्या पट्टीच्या डाव्या बाजूला चिकटवलं.

साहेब आले. उंच, अबोल, आणि घाई नसलेले. अशा माणसांची मला जास्त भीती वाटते. शांताबाईनं पाण्याचे पेले ठेवले, आणि जाता जाता टेबलावरचा हेडफोन उचलून स्वतःच माझ्या डोक्यावर चढवला, वर आलेले केस नीट केले. आईपण आहे, असं मला वाटलं. डाव्या कानाला काहीतरी टोचलं. हळूच म्हटलं, "शांताबाई, सरकी राहिली वाटतं एक." ती म्हणाली, "व्हय का? राहू द्या. काढू नोका." मध्येच साहेबांनी मला भांडारातून दुसरी फीत आणायला पाठवलं. मी हेडफोन काढून ठेवला, धावत गेले, आले, घातला, कसातरीच वाटला म्हणून फिरवून परत घातला, आणि काम सुरू केलं. बारीक आवाज डावीकडून आला, डावं बटण वाढवलं, बाईचा आवाज उठून उभा राहिला. मग मी साहेबांना जिनिंग ऐकवलं, आणि दुसऱ्या रेच्यातली कचकच दाखवली. त्यांनी तिसरा हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, बराच वेळ ऐकलं, आणि अहवाल मागितला.

मुदतवाढ मिळाली. पुढे ती मिळतच गेली.

केर काढताना शांताबाईनं मला माझी 'डा'ची चिठ्ठी आणून दिली. डिंक सुटून खुर्चीखाली पडली होती. "हे तं साहेब याच्या आंधीच पडेल हाय," ती म्हणाली. म्हणजे मी चिठ्ठीशिवाय बरोबर घातला होता! ही कळंबच्या गणपतीची, चिंतामणीचीच कृपा, असं मी ठरवलं, आणि येत्या चतुर्थीला तिथे जाऊन पेढे ठेवून आले. अहवालात लिहिलं, 'स्थानिक पातळीवर चाचणी घेण्यात आली, सुती गवसण्या वापरण्यात आल्या.' कुणी घेतली, कुणी शिवल्या, त्याला जागा नव्हती. जागा होती. मला सुचलं नाही.

दोन हंगामांनी जिनिंग पुन्हा सुरू झालं आणि शांताबाई परत रेच्यावर गेली. आता ती वणीला लेकीकडे असते. संस्था आटोपली, फिती गेल्या; हा हेडफोन आणि जिनिंगची ती एक फीत तेवढी माझ्याकडे राहिली. मी घरून कामं करते. त्यानंतर माझ्याकडे चांगले हेडफोन आले. मी प्रत्येकात आधी ती जिनिंगची फीत ऐकते. कचकच ऐकू आली तर ठेवते.

तर परवा कापूस बघून आले आणि वाटलं, आता गवसण्यांतला कापूस बदलावा, पार चपटा झालाय. उजवी उसवली. आत नुसता कापूस, पिवळट, स्वच्छ. बोटांनी पिंजून बघितला, कवचाचा कणसुद्धा नाही. डावी उसवली. सरकी कापसात नव्हतीच. ती कापडाला, आतल्या अंगानं, चार बारीक टाक्यांनी पक्की शिवलेली होती, आणि वर गाठ मारलेली.

साहेब आले त्या दिवशी फीत आणून परत आले तेव्हा मी हेडफोन 'कसातरीच वाटला म्हणून' फिरवला होता. का कसातरी वाटला होता? टोचणं उजवीकडे आलं होतं म्हणून. वीस वर्षं मी हा हेडफोन एकदाही उलटा घातला नव्हता, आणि ती माझी सवय आहे असं मला वाटत होतं. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिनं मला अक्षराशिवाय कळेल असं करून दिलं. आणि वर मी तिला चूक काढून दाखवली होती, मोठ्या मनानं चालवूनही घेतली होती. पेढे चिंतामणीला.

फोन लावला. लेकीनं तिला दिला. "जोरानं बोला, डाव्या कानानं आता ऐकू येत नाई," ती म्हणाली. मी नाव सांगितलं, हेडफोन सांगितला, गवसणी उसवल्याचं सांगितलं. मग जोरानंच विचारलं, "शांताबाई, ती सरकी तुम्ही मुद्दाम ठेवली होती ना?"

तिकडे ती हसली. "बावीस वर्सं रेच्यावर होतो मी, ताई. माह्या रुईत सरकी राह्यते का?"

मी म्हटलं, "मला आजवर कळलं नाही हो. मी तुमचे आभारसुद्धा मानले नाहीत."

"कान तं बरोबर लागत होता नं?"

"लागत होता."

"मंग झालं." मग तिनंच विचारलं, "नवा कापूस भरला का?"

"आज भरते. कळंबहून आणलाय."

"अन् सरकी?"

"शिवते परत."

"कोन्या अंगाले?"

"डाव्या," मी म्हटलं.